बाबांच्या टाळूतलं तळं

हॅलो?… हॅलो, ताई?… अगं, बाबांना पहिला नंबर मिळाला.

काही नाही. काही नाही म्हणालो… मी कुठे काय म्हणालो? तुझा फोन पहिल्याच फटक्यात लागला, असं म्हणालो. आश्चर्य वाटलं, एवढंच.

हो, हो… बसमध्ये बसलीस ना? खिडकी मिळाली?… बरं. डबा घेतलास? स्वेटर?… नाही, मी नेहमीच विचारतो… कधीच नाही विचारलं? मग आजपासून विचारतो. सुधारणा कुठून तरी सुरू व्हायला हवी.

बोगदा किती लांब आहे अजून?… अगं सहज. पेट्रोलपंप गेला का?… नाही ना? मग पुष्कळ वेळ आहे. आधी पेट्रोलपंप, मग वजनकाटा, मग ती रंग उडालेली पाण्याची टाकी, मग बोगदा. पाठ आहे मला. मी त्या रस्त्यानं एकदाही आलो नाही, पण फोनवरून दर वेळी जातो.

माहीत आहे गं. पलीकडे धरणाच्या कामावर रेंज नाही. एकदा आत गेलीस की थेट रविवार. म्हणून तर… म्हणजे, म्हणून काही नाही.

बाबा?… बाबा छान आहेत. पलंगावर बसलेत, भिंतीकडे बघतायत. भिंतही छान आहे.

खाल्लं का?… हं. खाल्लं म्हणजे… अगं ऐक ना, तुझ्या लेकीची गंमत सांगतो. मुंगीची… विषय बदलत नाहीये मी. विषय तोच आहे, फक्त वळसा घालून येतोय.

तिला शाळेत भूरूपं करायला सांगितली होती. मातीची. चिठ्ठ्या टाकल्या होत्या बाईंनी. कुणाला डोंगर, कुणाला बेट, कुणाला पठार. मुंगीला आलं दरी आणि आखात… अगं हसतेस काय? डोंगर कोण करत नाही? माती घेतली, ढीग घातला, झाला डोंगर. दरी म्हणजे नसलेली माती दाखवायची. तासभर आम्ही दोघं नुसतेच बसलो होतो, नसलेली माती कुठून सुरू करायची म्हणून.

पहिली दरी वाळताना तडकली. दुसरी… दुसऱ्या दरीच्या दोन्ही बाजू दरीत आल्या. सपाट झालं सगळं. मी म्हटलं, मैदान म्हणून देऊ. तर म्हणाली, मामा, मैदान वर्गातल्या जाड्याला आलंय, तो मारेल… नाही गं, मारत नाही. धमकी देतो फक्त.

हो, कवळीचं सांगतो ना. त्याच्याकडेच येतोय.

तर मी म्हटलं, आत काहीतरी टणक हवं. टणक काहीतरी घेऊन त्याच्यावर मातीचा थर द्यायचा, म्हणजे तडकत नाही. आणि आपल्या घरात टणक काय आहे? माझ्या पलंगाखालचं खोकं. टाकाऊ जबड्यांचं… हो, कामावरचं, कवळ्यांच्या लॅबमधलं. कुणाचं माप बिघडलेलं, कुणी कवळी न्यायलाच आलं नाही, असले प्लास्टरचे साचे. फेकवत नाहीत मला. माणसाचा जबडा कसा फेकायचा? म्हटलं, मुंगे, घे यातला तुला आवडेल तो. आणि मी गेलो दाढी करायला.

…हो. दाढी करायला. तिथेच चुकलं.

काही चुकलं नाही. कोण म्हणालं चुकलं?

पेट्रोलपंप आला?… बरं, बरं. मग जरा भराभर सांगतो.

ताई, खोक्यातल्या सगळ्या साच्यांना दात होते. मुंगी हुशार आहे, तुझ्यावर गेली आहे. तिनं विचार केला, दरीत दात कसे असतील? तिला हवा होता गुळगुळीत. बाजूनं नुसती कड, मध्ये खोलगट. असा साचा घरात एकच होता, जोडीचा. स्वयंपाकघराच्या खिडकीत, वाळत ठेवलेला.

…हो.

…हो. तोच, बाबांचा. वरचा आणि खालचा, दोन्ही.

ताई? आहेस ना? बोल ना काहीतरी. शिव्या दे. शिव्या सुरू झाल्या की मला बरं वाटतं.

मी? मी काय करत होतो? रंगवत होतो! मी स्वतः रंगवलं, ताई. माती लावून आणली तिनं माझ्यापुढे, म्हणाली, मामा, गवत कर. मी लाकडाचा भुसा हिरव्या रंगात भिजवून छान गवत केलं हिरड्यांवर. वरचा जबडा म्हणजे दरी. टाळूत तळं केलं, निळं, त्यात कागदाची होडी. खालचा जबडा म्हणजे आखात, जीभ असते तिथे समुद्र. अक्कलदाढेच्या जागी काडेपेटीच्या काडीचं दीपगृह… ताई, रस्त्यात कुणी भेटलं तर मी चेहऱ्याच्या आधी जबडा ओळखतो. तुझ्या लग्नाच्या फोटोत व्याही मंडळी मी हनुवटीवरून सांगतो. आणि स्वतःच्या बापाच्या हिरड्यांवर मी गवत लावत बसलो होतो. वर शीळ घालत.

हो… मिळाला. पहिला नंबर. तेच सांगत होतो सुरुवातीला, पण तोंडातून निघून गेलं. भूगोलाच्या बाई म्हणाल्या, इतकी खरी दरी मुलांच्या हातून पहिल्यांदाच बघितली. खरी म्हणजे काय! जन्मभराचं जेवण उतरलंय त्या दरीतून.

मुंगीला नाही माहीत. सांगणारही नाहीये मी. परवापासून चालताना टाचा उचलून चालते. राहू दे.

हो, मागायला गेलो होतो. दुसऱ्याच दिवशी. खिडकीत बघितलं तर प्लास्टरचे दोन पांढरे गोल डाग, बाकी काही नाही. तसाच पळत शाळेत. बाईंना म्हटलं, ती दरी परत हवी. म्हणाल्या, का? मी म्हटलं, तिच्यात आमचे वडील आहेत. त्यांनी एकदम आवाज बारीक केला. म्हणाल्या, अरे रे, कधी गेले? मी म्हटलं, सोमवारी, मुंगीच्या दप्तराबरोबर.

अगं हसू नकोस… रडतेस? बरं, मग हसलीस तरी चालेल.

नाही मिळत. बक्षिसाच्या वस्तू वर्षभर काचेच्या कपाटात. आणि समजा दिलं काढून, तरी काय उपयोग? ओल्या मातीनं प्लास्टर मऊ पडतं. वरून दोन हात वॉर्निश मारलंय. तेही मीच मारलं. चमक यावी म्हणून. मी काचेतून बघून आलो. खाली पट्टी लावलीये, ‘दरी: तीन बाजूंनी वेढलेला सखल प्रदेश’. वाचून जरा बरं वाटलं. बाबांचं एवढं नेमकं वर्णन आजवर कुणी केलं नव्हतं.

पुन्हा माप घ्यायचं! हो, तेच तर. घ्यायचंच आहे… ताई, ते तोंड उघडत नाहीत.

नाही उघडत म्हणजे नाही. दाताचे डॉक्टर दोनदा येऊन गेले. पहिल्यांदा बाबांनी मान फिरवली. दुसऱ्यांदा चावले… अगं हो, दात नसताना. डॉक्टर म्हणाले, तीस वर्षांत मला दातवाल्यांनीसुद्धा असं धरलं नव्हतं. बोट चोळत गेले. जाताना मापाचा ट्रे आणि पावडरीच्या पुड्या माझ्या हातात दिल्या. म्हणाले, तुम्हीच बघा, घरचं माणूस आहात.

मीच बघतोय. ते माझ्याकडे बघत नाहीत.

मला काय वाटतं सांगू? हॉस्पिटलात कुणीतरी खरकट्या ताटाबरोबर त्यांची कवळी फेकून दिली ना, तेव्हापासून हे आहे. तोंड उघडलं की घेऊन जातात, परत काही मिळत नाही. असा हिशेब बसलाय डोक्यात. आणि आता मी तर साचासुद्धा… त्यांना ते माहीत नाही. पण खिडकीकडे बघतात कधीकधी. मी पडदा लावून ठेवलाय.

तू होतीस तेव्हाची गोष्ट वेगळी. तू नुसतं ‘बाबा, आ करा’ म्हणालीस आणि सगळी गुहा उघडली. वरचं झालं, खालचं झालं. डॉक्टर म्हणाले, किती शहाणे आहेत आजोबा. शहाणे! माझ्यासमोर ओठ असे मिटतात, जसं काही आत सरकारी कागद आहेत.

अर्ज?… केला की. तोही केला. अगदी नियमाप्रमाणे. आखलेल्या कागदावर, डावीकडे समास सोडून. विषय: तोंड उघडणेबाबत. तुला आठवतंय ना, ऑफिसातून निवृत्त झाले तरी घरात कारकुनी चालूच. चप्पल हवी, अर्ज कर. सहलीला जायचंय, अर्ज कर. आणि कोपऱ्यात त्यांचं ते बारीक अक्षरातलं ‘विचारार्थ’. तुझे मंजूर व्हायचे. माझे विचारार्थ. माझा सायकलीचा अर्ज अजून विचारार्थच आहे, ताई. मध्ये माझं लग्न जमून मोडलं, पण त्यांचा विचार संपला नाही.

हा वाचला त्यांनी. चष्मा लावून, दोनदा. एका ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त केलं. घडी घालून उशीखाली ठेवला. तोंड उघडलं नाही.

वजनकाटा? आला?… एवढ्यात?

मग आता नीट ऐक. चेष्टा बंद. खाण्याचं विचारत होतीस ना? ते खात नाहीत. दुधात पाव कुस्करून दिला की वाटी बाजूला सारतात. सूप दिलं की चमचा उलटा ठेवतात. ओठांतल्या ओठांत म्हणतात, हे बाळाचं. सफरचंद मागून घेतात हातात. वास घेतात. अंगठ्यानं दाबून बघतात आणि मला परत देतात. रोज तेच सफरचंद. मऊ पडलंय आता. मी बदलतो गुपचूप, तर त्यांना कळतं.

कूस बदलतात तर चादरीला सुरकुती पडत नाही, ताई.

डॉक्टर… आपले नेहमीचे डॉक्टर, ते शनिवारी येतायत. नाकातून नळी घालायला. म्हणाले, असंच चाललं तर दुसरा उपाय नाही. आणि तू रविवारी बाहेर येणार… म्हणून म्हणत होतो. म्हणून.

नाही, उतरू नकोस! उतरून काय करशील? परतीची गाडी कुठली त्या रस्त्यावर? मागच्या वेळच्याच रजेवरून तुझा साहेब अजून फुगलाय… अगं ऐक. ऐक ना. बसून राहा. मला तू नको आहेस. मला तुझा आवाज हवाय.

फोन स्पीकरवर टाकतो. त्यांच्या कानाशी धरतो. तू म्हणायचं, बाबा, आ करा. बस. आणि मग बोलत राहायचं. काहीही बोल. मी ट्रे आत घालणार, आणि ती पावडर घट्ट होईपर्यंत त्यांनी हलायचं नाही, मिटायचं नाही. दूध तापायला लागतं ना, तेवढा वेळ. वरच्या जबड्याचं मिळालं तरी पुरे. वरची कवळी आपल्या जोरावर चिकटते. वरचे दात असले तर पाव तरी तोडतील. खालचं तू आलीस की. एरवी डॉक्टरांकडे चार फेऱ्या लागतात, मी दोन रात्रींत दात करतो. कामावर झोपतो. शनिवारी डॉक्टरांसमोर त्यांच्या हातात पाव देतो. बघू मग नळी कुठे घालतात.

पुडी एकच आहे. दुसरी? दुसरी सरावात गेली… माझ्यावरच केला सराव. माझं माप उत्तम आलंय. खिडकीत ठेवलंय.

टाकी दिसली की सांग. थांब, पाणी घेतो… रबरी वाटी कुठे… हां. चाललो त्यांच्या खोलीत.

बाबा. बाबा, फोन आहे. ताईचा. तुमच्या लेकीचा… हो, बसमधून बोलतेय. हा बघा, इथे धरतो.

बोल, ताई… मोठ्यानं. बसमधल्या लोकांना ऐकू गेलं तर जाऊ दे. त्यांना काय, तू फोनवरून दात तपासतेस असं वाटेल.

…हलले. डोळे हलले. बोल अजून. अजून एकदा.

…ताई.

ताई, उघडलं.

अगं उघडलं! पूर्ण. असे… देवा, किती दिवसांनी बघतोय. थांबू नकोस, बोलत राहा. मी पावडर टाकतोय. आता हिचं काही थांबत नाही, टाकली की टाकली… घोटतोय… गुलाबी झाली… भरली ट्रेमध्ये… बाबा, आता जरा गार लागेल. गार. ताईकडे बघा. म्हणजे फोनकडे बघा… हां… हां… बसला! बसला, ताई. घट्ट बसला टाळूला. आता बोल.

काहीही! तुझ्या मेसमधला आचारी… हां, त्याचं सांग. तो मिठाचं विसरतो ते. छान. हसले. नाही, हसवू नकोस! हसले की सरकतं. दुःखाचं सांग… तेही नको, रडलीस की ते मिटतात, त्यांना कळतं. मधलं सांग. पाढे म्हण. बावीसचा पाढा म्हण, तो तुला कधी आला नाही, ते लक्ष देऊन ऐकतील… हां. बघ. भुवई उंचावली. चुकलीस ना? चुकत राहा.

बाबा, थोडंच. अगदी थोडं. मी बोटानं बघतो… मऊ आहे अजून. कडेला धरतंय. मध्ये मऊ आहे. बोल ताई, तळ्यापाशी मऊ आहे अजून…

टाकी? कुठली टाकी?… गेली? कधी गेली? सांग म्हणालो होतो ना! बरं, बरं… पाढा बोलत होतीस, हो, मीच म्हणालो. ड्रायव्हरला म्हण, हळू घे. म्हण, वडिलांच्या तोंडात… काहीही म्हण! म्हण, मळमळतंय, थांबव. ताई, उलटीचं म्हण, त्याला सगळे ड्रायव्हर घाबर…

ताई?

हॅलो?… हॅलो, ताई?

बाबा, नाही. नाही नाही, आहे ती. आहे अजून. डोंगर आडवा आलाय, एवढंच. आत्ता येईल बाहेर… बाबा, मिटू नका. बाबीस एके… बावीस एके बावीस. बावीस दुणे… माझ्याकडे बघा… बाबा. थोडंच. मी… मी म्हणतोय, बाबा. मीसुद्धा तुमचाच…

…

बरं.

असू द्या. असू द्या, बाबा. माप फाटलं तर फाटलं. थुंका इथे. वाटीत. हं… हनुवटी पुसतो. राग नाही आला, कसला राग? जिभेखाली राहिलंय का काही?… नाही. झालं. पडा आता.

थांबा, लावून बघतो. कधीकधी बोगद्यात भोक असतं वर, हवेसाठी. रेंज येऊ शकते. शास्त्रीयदृष्ट्या… वाजतोय.

हॅलो? ताई?… अच्छा. नमस्कार, मॅडम.

हो, ऐकतोय. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. बरोबर आहे तुमचं. डोंगराच्या आत आहे ती. थोड्या वेळानं प्रयत्न करू. हो. किती थोड्या, ते काही तुम्ही… पुन्हा तेच. बरं.

बाबा?… बाबा, हे काय? का उघडलंत?

नाही, बाबा. ही ताई नाही. ही फोनच्या कंपनीची बाई आहे. तिला नसतं माहीत कुणी ऐकतंय म्हणून… मिटा. पुडी संपली, बाबा. आता काही घालायचं नाहीये. सगळं झालं. मिटा ना… तिचं ऐकू नका, माझं ऐका.

मॅडम, अहो, थांबा जरा. ठेवू नका. तुम्ही ठेवत नाही म्हणा, मीच ठेवतो नेहमी. आमच्या घरी सगळं अर्जानं चालतं, म्हणून तोंडी सादर करतो. लिहून घ्या.

विषय: तोंड मिटवून मिळणेबाबत.

महोदया, वरील विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, अर्जदाराचे वडील आपला आवाज आपल्या मुलीचा समजून तोंड उघडे ठेवून बसले आहेत. त्यांचे ओठ सुकत चालले आहेत. अर्जदाराच्या सांगण्यावरून ते मिटत नाहीत, पूर्वीही काही करीत नसत, त्याबद्दल तक्रार नाही. तरी आपण आपले चालू वाक्य संपल्यावर, शक्य तितक्या मऊ आवाजात, ‘बाबा, झालं, आता मिटा’ एवढे चार शब्द उच्चारावेत, ही नम्र विनंती.